चैत्रातल्या संध्याकाळी पंचवीस पाहुणे: हलक्या, ताज्या खाण्याची पूर्ण तयारी

पाडवा झाला की कोल्हापुरात घरोघरी माणसं जमायला लागतात. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, आणि त्या महिन्यात प्रत्येक गल्लीत कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतंच. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असल्यामुळे गावोगावचे पाहुणे मुक्कामाला येतात. शिवाय परीक्षा संपलेल्या, आंबे यायला लागलेले, संध्याकाळी गच्चीवर वारं सुटलेलं, त्यामुळे निमित्त नसलं तरी चार मंडळी बसतातच.

अशा वेळी बटाटेवडे, भजी आणि समोसे आणून ठेवणं सोपं असतं. पण दिवसभर ऊन सोसून आलेल्या माणसाला सहा वाजता तळलेलं नको असतं. त्याला काहीतरी आंबट, गार, कुरकुरीत हवं असतं. आपल्याकडच्या मंडळींची जीभ तांबड्या रश्श्यावर वाढलेली आहे, त्यामुळे हलकं खाणं सपक झालं की ताटात तसंच राहतं. पदार्थ पोटाला हलका आणि तोंडाला ठसठशीत असा साधायचा तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, आंबट-तिखटात हात आखडायचा नाही. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. काकडी, कैरी, कांदा, डाळ, दही या सगळ्यांत पाणी असतं, मीठ लागलं की ते सुटतं, आणि सुटलं की ताजा पदार्थ अर्ध्या तासात गळाठतो. कुठल्या पदार्थातलं पाणी आधी काढून टाकायचं, कुठल्यात मुद्दाम मुरू द्यायचं आणि मीठ कधी घालायचं, एवढं कळलं तर सगळा बेत हाताशी येतो.

खालची मापं पंचवीस माणसांसाठी, सहा वाजताच्या बैठकीसाठी आहेत. रात्रीचं जेवण नंतर आहे असं धरलं आहे, त्यामुळे प्रत्येकाला सहा-सात घास आणि एक पेला पन्हं, एवढाच हिशोब.

बेत ठरवताना

आंब्याची डाळ, सुरळीची वडी, दडपे पोहे, चक्का लावलेली काकडी, कलिंगड आणि पन्हं. यातली सुरळीची वडी तेवढी शिजवावी लागते, आणि पन्ह्याची कैरी. बाकी सगळं कच्चं, भिजवलेलं किंवा मुरवलेलं. गॅससमोर फार उभं राहावं लागत नाही, हा या बेताचा माझ्या मते सगळ्यात मोठा गुण आहे.

गौरीचं हळदीकुंकू असेल तर कांदा-लसूण पूर्ण बाजूला ठेवा. दडपे पोहे कांद्याशिवाय चांगले होतात, कसे ते पुढे येईल. काकडीवरच्या चक्क्यात मग चटणीऐवजी मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. मित्रमंडळींची गच्चीवरची बैठक असेल तर मात्र घरची कांदा-लसूण चटणी वापराच. हेच दिवस डंकावरून वर्षाची चटणी कांडून आणायचे असतात. ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा ठसका असलेली ताजी चटणी घरात आलेली असताना विकतचा सॉस काढायची गरज नाही.

बाजार

कैरी आणि काकडी आदल्या दिवशी संध्याकाळी आणली तरी चालते. कोथिंबीर आणि कलिंगड त्याच दिवशी सकाळी आणा. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत सकाळी लवकर गेलात तर कोथिंबीर अजून उभी असते, दुपारच्या पेंडीत निम्मी पानं मऊ पडलेली निघतात.

कैरी घेताना देठ हिरवा आणि कैरी कडक बघा. गावठी रायवळ कैरी जास्त आंबट असते, तोतापुरी सौम्य आणि थोडी गोडसर. डाळीला रायवळच घ्यावी. पन्ह्याला दोन्ही चालतात, फक्त गुळाचं माप बदलतं. घरी आल्यावर देठ काढून कैऱ्या अर्धा तास पाण्यात टाका म्हणजे चीक निघून जाईल. चीक राहिला तर घशाला खवखव होते, आणि लहान मुलं असतील तर तोंडाशी पुरळही उठतं.

काकडी मध्यम आकाराची, बोटानं दाबली तर न दबणारी हवी. प्रत्येक काकडीची दोन्ही टोकं कापून चाखून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी करा. एका कडू काकडीनं सगळी परात वाया जाते.

कोथिंबीर सकाळीच निवडून, दोन पाण्यांतून धुऊन, झटकून सुती फडक्यावर पसरून ठेवा. ओली कोथिंबीर चिरली की तिचा लगदा होतो, आणि तो लगदा वडीत किंवा डाळीत गेला की चव गवतासारखी लागते. नारळ आदल्या दिवशी खवू नका. उन्हाळ्यात ओलं खोबरं फार लवकर आंबूस होतं. दुपारी फोडा, पाणी गाळून बाजूला ठेवा (ते पोह्यांना लागणार आहे), खोबरं खवून झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

पन्हं: आदल्या दिवशीच उरका

एक किलो कैऱ्या कुकरच्या डब्यात पाणी न घालता ठेवून तीन शिट्ट्या करा. निवल्यावर साल काढा, कोय पिळून गर घ्या, चाळणीतून घासून काढा. साधारण सहाशे ग्रॅम गर निघतो. त्यात साडेसातशे ग्रॅम किसलेला गूळ, एक चमचा मीठ आणि दहा-बारा वेलदोड्यांची पूड घाला. गूळ विरघळला की पुन्हा एकदा गाळा, गुळात बारीक खर असते.

गूळ कोल्हापूरचाच मिळेल. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण दुकानात पिवळाधमक दिसतो म्हणून तो उचलू नका. रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी रसात रसायनं घालतात. तांबूस-तपकिरी गूळ घ्या. पन्ह्याचा रंग थोडा गडद येईल, चव मात्र खोल येते. चाखताना गूळ खारट लागला तर पन्ह्यातलं मीठ निम्मं करा.

हा घट्ट गर काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. आयत्या वेळी एका वाटीला तीन वाट्या माठातलं पाणी. बर्फ पेल्यात घालू नका, शेवटचे दोन घोट पांचट होतात. माठाचं पाणी पुरेसं गार वाटत नसेल तर पन्ह्याचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवा.

आंब्याची डाळ

सगळ्या बेतात जीव ओतायचा तो या पदार्थात. चैत्राची खरी चव हीच, आणि बिघडते तीही हीच. कुणाची डाळ पिठूळ होते, कुणाची कोरडी ठणठणीत, कुणाची पाणचट. तिन्हींचं मूळ भिजवण्यात आणि निथळण्यात असतं.

अर्धा किलो हरभरा डाळ, तीनशे ग्रॅम कैरी, दहा-बारा हिरव्या मिरच्या, अर्ध्या नारळाचं खोबरं, मूठभर चिरलेली कोथिंबीर, मीठ, दोन चमचे साखर. फोडणीला अर्धी वाटी तेल, मोहरी, सढळ हिंग, हळद, पाच-सहा सुक्या मिरच्या.

सकाळी अकराला डाळ तीन-चार पाण्यांतून धुऊन भिजत घाला. पाच तास पुरतात. उन्हाळ्यात रात्रभर भिजवू नये, पाण्याला फेस येतो आणि डाळीला आंबूस वास लागतो. दुपारी दोनच्या सुमारास एकदा पाणी बदला. डाळीचा दाणा नखानं दाबला की सहज तुटला पाहिजे आणि आत पांढरा कडक ठिपका राहता कामा नये.

चार वाजता चाळणीत उपसा. नंतर अर्धा तास सुती फडक्यावर पसरून ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. डाळीला चिकटलेलं पाणी मिक्सरमध्ये गेलं की तिचं पीठ होतं, मग कितीही चांगली फोडणी घातली तरी ती लापशीसारखी लागते.

वाटताना मिक्सरचं भांडं एक तृतीयांशच भरा. पाण्याचा थेंबही नको. बटण दाबा, सोडा, चमच्यानं तळ वर करा, पुन्हा दाबा. जाड रव्याएवढी भरड हवी, त्यात अधूनमधून अर्धा दाणा दाताखाली यायला हवा. पहिल्या घाण्यात मिरच्या आणि थोडं मीठ घालून वाटा, म्हणजे तिखट सगळीकडे सारखं बसतं. घरात पाटा-वरवंटा असेल आणि हाताला दम असेल तर त्यावरच वाटा. मिक्सरमध्ये डाळ गरम होते, पाट्यावर होत नाही, आणि तो फरक चवीत स्पष्ट कळतो.

कैरी आता किसा, आधी नाही. सगळा कीस एकदम ओतू नका. निम्मा घालून कालवा, चाखा, मग वाढवत न्या. आंबटपणा जरासा जास्तच वाटला पाहिजे, कारण खोबरं आणि तेल पडल्यावर तो खाली बसतो. मग साखर, खोबरं, उरलेलं मीठ.

फोडणी वेगळ्या कढल्यात करा: तेल चांगलं तापलं की मोहरी, ती तडतडली की सुक्या मिरच्या, गॅस बंद करून हिंग आणि हळद. ती पूर्ण गार होऊ द्या, मग डाळीवर घाला. गरम फोडणीनं डाळ वरच्या वर अर्धकच्ची शिजते, कोथिंबीर काळवंडते. तेलात कंजुषी केली तर डाळ घशात अडकते. हलकं करायचं म्हणून इथलं तेल कापू नका, वाढताना डाव लहान घ्या.

कच्ची हरभरा डाळ सगळ्यांना सोसत नाही. वयस्कर मंडळी असतील तर त्यांच्यापुरती वाटलेली डाळ चाळणीत आठ-दहा मिनिटं वाफवून, गार करून, मोकळी करून मग कैरी घाला. चव थोडी वेगळी लागते, पण आजी-आजोबांना ती निर्धास्त खाता येते.

सुरळीची वडी

या वडीची लोक उगाच भीती बाळगतात. माप आणि वेग सांभाळला की ती कधी दगा देत नाही.

माप असं: एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी. त्यात आलं-मिरचीचा बारीक वाटलेला गोळा एक चमचा, हळद, हिंग, मीठ. बेसन आधी थोड्या ताकात घोटून गुठळ्या मोडा, मग बाकीचं घाला आणि सगळं गाळून घ्या. पंचवीस जणांना तीन वाट्या बेसन लागेल, पण तीन वेगवेगळे घाणे करा. एकदम शिजवलं तर शेवटचं पसरेपर्यंत कढईतलं घट्ट होऊन बसतं.

शिजवायला सुरुवात करण्याआधी चार मोठी ताटं उपडी घालून, तेलाचं पुसट बोट फिरवून तयार ठेवा. जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर मिश्रण सतत हलवत राहा. आठ-दहा मिनिटांत ते घट्ट होतं आणि चमक येते. आता परीक्षा: चमचाभर ताटावर पसरा, मिनिटभर थांबा, कड उचलून गुंडाळा. सुटून आली तर झालं. चिकटली तर अजून दोन मिनिटं शिजवा आणि पुन्हा बघा. ही परीक्षा न करता ताटांवर ओतलं तर तो घाणा खरवडूनच काढावा लागतो.

जमलं की गॅस बंद करून ताबडतोब सपाट वाटीच्या बुडानं ताटांवर पातळ पसरा. जितका थर पातळ तितकी वडी हलकी. पाच मिनिटांत गार झालं की वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरा, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा, घट्ट गुंडाळा. मोहरी-तिळाची फोडणी वरून चमच्यानं. एका वाटीत पंचवीसेक वड्या होतात. या दुपारी तीन वाजता करून ठेवता येतात. झाकण घालताना मात्र वड्या पूर्ण निवलेल्या असू द्या, नाहीतर झाकणाचं पाणी त्यांच्यावर ठिबकतं.

दडपे पोहे

इथे पाण्याचा उलटा उपयोग करायचा असतो. पातळ पोहे भिजवायचे नाहीत, भाज्यांच्या ओलीवर मऊ होऊ द्यायचे.

अर्धा किलो पातळ पोहे चाळून घ्या. एका परातीत एका नारळाचं खोबरं, एका कैरीचा कीस, दोन काकड्या बारीक चिरून, दोन चमचे साखर, मीठ, लिंबू आणि चालत असेल तर चार बारीक चिरलेले कांदे एकत्र करा. हातानं जरा चुरा म्हणजे पाणी सुटेल. त्यात पोहे घालून हलक्या हातानं वरखाली करा, नारळाचं पाणी शिंपडा, दाबून वर ताट आणि ताटावर वजन ठेवा. पंचवीस मिनिटं. कांदा नसेल तर काकडी एक वाढवा आणि नारळाचं पाणी थोडं जास्त शिंपडा.

फोडणीत शेंगदाणे आधी खरपूस तळून काढा, मग मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, हिंग. शेंगदाणे पोह्यांत मिसळू नका, वाढताना वरून घाला. सोबत तळून चुरलेली सांडगी मिरची. मिरचीचा तो खारट-तिखट कुरकुरीतपणा नसेल तर हे पोहे नुसतेच गोडसर मऊ लागतात.

काकडी आणि कलिंगड

एक किलो घट्ट दही दुपारी बाराला फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून फ्रीजमध्ये निथळायला ठेवा. खुंटीला टांगलं तर या दिवसांत ते आंबट होतं. म्हशीच्या दुधाच्या दह्याचा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. त्यात मीठ, किंचित साखर, कोथिंबीर घालून फेटा. काकडीच्या पाव इंच जाडीच्या चकत्या करून कोरड्या फडक्यानं टिपा. चकतीवर चमचाभर चक्का, त्यावर चमचाभर कोमट तेलात कालवलेल्या चटणीचा एक ठिपका. काकडीला वेगळं मीठ लावायचं नाही, चक्क्यातलं पुरतं. ही पहिल्या पाहुण्याची चप्पल दारात वाजली की लावायला घ्या, त्याआधी नको.

कलिंगड गार करून, शक्य तितकं उशिरा कापा. मीठ-मिरपूड शेजारी वाटीत ठेवा.

दुपारचं वेळापत्रक

अकराला डाळ भिजत, बाराला दही बांधणं, अडीचला नारळ, तीनला वड्या, चारला डाळ उपसणं आणि पोह्यांची फोडणी करून ठेवणं. पावणेपाचला डाळ वाटून फोडणी गार करत ठेवा. सव्वापाचला डाळ कालवा, साडेपाचला पोहे दडपा. पावणेसहाला काकडी कापा आणि पन्हं पाण्यात कालवा. पाचनंतरच्या कामांना दुसरा हात लागतोच. घरातल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, आणि फक्त चिरणं-टिपणं त्यांच्याकडे द्या. मीठ घालणारा हात एकच असावा.

हळदीकुंकवाला बायका एकदम येत नाहीत. पाचपासून आठपर्यंत येत राहतात. तेव्हा डाळीत कैरी आणि खोबरं दोन वेळा मिसळा: वाटलेली डाळ अर्धी फ्रीजमध्ये ठेवा आणि साडेसहाला दुसरा अर्धा भाग कालवा. पोहेही दोन परातींत. सातला आलेल्या वहिनींच्या वाटीत पाचला कालवलेली डाळ पडली तर त्यांना गळाठलेलं खाणं मिळतं, आणि तसं होता कामा नये. शिवाय खोबरं घातलेला पदार्थ या उकाड्यात बाहेर तासाभराहून जास्त ठेवणं पोटाच्या दृष्टीनंही बरं नाही.

वाढायला पळसाचे द्रोण किंवा केळीच्या पानाचे तुकडे. केळीचं पान कापण्याआधी मंद आचेवरून झरकन फिरवा, मग ते चिरत नाही. डाळ आणि पोहे द्रोणात, वड्या आणि काकडी पानावर. चक्क्याची काकडी डाळीला चिकटली तर दोन्हींची चव जाते.

दहा माणसं जास्त आली तर? घरात भडंगाचा मोठा डबा असू द्या. भडंग, उरलेला कैरीचा कीस, बारीक कांदा आणि कोथिंबीर कालवून लगेच हातात दिलं की कुणाला उणं वाटत नाही. गौरीच्या दिवशी भडंग लसणाशिवायचं घरी करून ठेवावं लागतं, एवढंच. एप्रिल सरता सरता राधानगरी-गगनबावड्याकडची करवंदं बाजारात आली असतील तर तीही पानावर चार-चार ठेवा.

उरलं तर सुरळीच्या वड्या रात्रीच संपवा, फ्रीजमध्ये त्या कोरड्या पडून तुटतात. दडपे पोहे ठेवू नका. आंब्याची डाळ मात्र डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात दोन चमचे तांदळाचं पीठ आणि पाणी घालून मिक्सरमध्ये बारीक वाटा, आणि तव्यावर धिरडी घाला. कैरीमुळे ती मुळातच आंबूस असतात, वर लोणी ठेवलं की दुसरं काही लागत नाही.